फिलिप मेडोज टेलर

कर्नल फिलिप मेडोज टेलर (जन्म : लिव्हरपूल, इंग्लंड, २५ सप्टेंबर १८०८, मृत्यू : मेंतों, फ्रान्स, १३ मे १८७६) हे हैदराबादच्या निजामाच्या सेवेतील इंग्रज लष्करी अधिकारी, पोलीस अधिकारी, मुलकी प्रशासक आणि कादंबरीकार होते. त्यांच्या भारतातील सेवेची सुरुवात १८२४ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील छावणीत झाली. वयाच्या विशीच्या सुमारास ते निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात साहाय्यक पोलीस अधीक्षक झाले. राज्यकारभारातील बदलामुळे हे काम अर्धवट सोडून त्यांना पलटणीत परतावे लागले. पुढे सुमारे पाव शतकानंतर, १८५३ मध्ये, त्याच मुलखाचे प्रमुख अधिकारी म्हणून ते परत आले. ठगांच्या कबुलीजबाबांवर आधारलेली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी होय.

प्रारंभिक जीवन

टेलर यांचे वडील लिव्हरपूल येथील व्यापारी होते. त्यांच्या व्यापाराला उतरती कळा लागल्याने मुलाचे शालेय शिक्षण लवकर संपले आणि त्याला लहान वयातच नोकरी धरावी लागली. मुंबईतील बॅक्स्टर नावाच्या एका व्यापाऱ्याकडे काम शिकावे व पुढे त्याच्या पेढीत भागीदार व्हावे, अशा आशेने १८२४ मध्ये पंधराव्या वर्षी टेलर यांना जहाजाने भारतात पाठविण्यात आले. मुंबईत पोहोचल्यावर मात्र ही पेढी स्वतःच अडचणीत असल्याचे दिसून आले. भागीदारीची आशा उरली नाही.

मुंबई सरकारात वरिष्ठ पदावर असलेले न्यूनहॅम हे टेलर यांच्या आईकडून नातेवाईक होते. त्यांच्या खटपटीमुळे टेलर यांना निजामाच्या फौजेत अधिकारपद मिळाले. हे पद ईस्ट इंडिया कंपनीच्या नियमित सेवेतील नव्हते. निजामाच्या खर्चाने उभारलेल्या, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कवायती फौजेतील ते पद होते. या भेदाचा परिणाम टेलर यांच्या पुढील सर्व आयुष्यावर झाला. कंपनीच्या नोकरांना मिळणारी बढतीची वाट व संरक्षण त्यांना मिळाले नाही. उलट, निजामाच्या दरबारातील घडामोडींचा फटका त्यांच्या नोकरीला थेट बसत राहिला.

औरंगाबादच्या छावणीत

नोव्हेंबर १८२४ मध्ये टेलर मुंबईहून औरंगाबादकडे निघाले. मोगल सुभ्याची एकेकाळची राजधानी आणि पहिल्या निजामाच्या काळातील सत्ताकेंद्र असलेले हे शहर तोवर राजकीय महत्त्व गमावून बसले होते. निजामाची राजधानी हैदराबादला गेली होती. तथापि औरंगाबादची छावणी ही निजामाच्या कवायती फौजेच्या मोठ्या ठाण्यांपैकी एक होती.

येथे टेलर यांनी कवायतीबरोबर भाषांचा अभ्यास सुरू केला. हिंदुस्थानी, फार्सी व मराठी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. दक्षिणेकडील भाषांशीही पुढे परिचय करून घेतला. पलटणीतील बहुतेक इंग्रज अधिकारी हुकूम देण्यापुरती हिंदुस्थानी शिकत. टेलर यांनी मात्र गावकऱ्याची तक्रार दुभाष्याशिवाय ऐकता येईल इतके भाषाज्ञान मिळविले. पुढे पोलीसकामासाठी त्यांची निवड होण्यास हे ज्ञान फार उपयोगी पडले.

पोलीस अधिकारी म्हणून पहिली नेमणूक

त्या वेळी निजामाच्या राज्याची आर्थिक स्थिती बिकट होती. पेशकार राजा चंदूलाल यांनी फौजेच्या पगारासाठी हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून मोठ्या व्याजाने कर्जे काढली होती. महसुलाचे मक्ते घेणारे लोक रयतेकडून जास्तीत जास्त वसुली करीत, आणि दरोडे व लुटालूट यांना पायबंद नव्हता. १८२० ते १८२५ या काळात हैदराबादचे रेसिडेंट असलेले सर चार्ल्स मेटकाफ यांनी यावर उपाय म्हणून निजामाच्या जिल्ह्यांत देखरेखीसाठी इंग्रज अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू केली. वसुलीचे करार पाळले जातात की नाही हे पाहणे आणि बंदोबस्त राखणे ही त्यांची मुख्य कामे होती.

याच व्यवस्थेत टेलर यांची राज्याच्या नैर्ऋत्य भागासाठी साहाय्यक पोलीस अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. तुळजापूर व नळदुर्गचा परिसर त्यांच्या कामाच्या टापूत येत होता. वर्षाचा बराच काळ तंबूत मुक्काम करून गावोगाव फिरणे, पाटील व देशमुखांच्या भेटी घेणे, तक्रारी ऐकणे, दरोडेखोरांचा माग काढणे असे या कामाचे स्वरूप होते. गावची पोलीस व्यवस्था पाटील आणि वतनदार जागल्यांवर अवलंबून असे. चोराचा माग गावाच्या शिवेपर्यंत काढून तो पुढच्या गावाच्या हवाली करण्याची रीत होती. दरोडेखोरांना आश्रय देणारा एखादा जमीनदारच गावावर वजन ठेवून असला, तर हा माग तेथेच थांबत असे.

ठगीचा सुगावा आणि अर्धवट राहिलेला तपास

टेलर यांच्या या पहिल्या कारकिर्दीतच रस्त्यालगत वाटसरूंची प्रेते सापडण्याचे प्रकार त्यांच्या नजरेस आले. हे काम साध्या लुटारूंचे नसून संघटित टोळ्यांचे असावे, असा त्यांचा कयास झाला.

ठगांच्या टोळ्या व्यापारी, यात्रेकरू किंवा शिपाई यांच्या वेषात प्रवास करीत. वाटेत भेटलेल्या प्रवाशांशी मैत्री जोडून, त्यांचा विश्वास संपादन करून, सोयीच्या जागी रुमालाने गळा आवळून त्यांचा जीव घेत आणि प्रेते पुरून टाकीत. ही हत्या बळी पडलेल्याच्या घरापासून शेकडो मैल दूर घडे. घरच्यांना माणूस परतला नाही एवढेच कळे. तो कोठे नाहीसा झाला हे कळत नसे. ज्या गावाच्या शिवारात खून झाला, तेथे मृताला ओळखणारे कोणी नसे, त्यामुळे फिर्याद देणाराही नसे. अशा गुन्ह्याचा छडा लावायचा तर अनेक जिल्ह्यांतील व अनेक राज्यांतील घटना एकत्र जुळवणे आवश्यक होते. एका टापूपुरता अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला ते एकट्याने साधणारे नव्हते. तरीही टेलर यांनी या तपासाला हात घातला होता.

मे १८२९ मध्ये निजाम सिकंदर जाह यांचा मृत्यू झाला. त्यांच्यानंतर गादीवर आलेले नासिर-उद-दौला यांनी जिल्ह्यांतील इंग्रज अधिकारी काढून घेण्याची मागणी केली. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी ती मान्य केली. मेटकाफ यांनी उभारलेली देखरेखीची व्यवस्था गुंडाळली गेली. टेलर यांना पोलीसकाम सोडून पलटणीत परतावे लागले आणि हाती घेतलेला तपास तेथेच थांबला.

पुढे काही वर्षांतच मध्य भारतात विल्यम स्लीमन यांनी माफीच्या साक्षीदारांच्या जबाबांवरून टोळ्यांच्या वंशावळी व वाटांचे नकाशे तयार केले. ठगी उघडकीस आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे गेले. आपल्याला आणखी थोडा काळ मिळाला असता तर हा शोध आपल्याच हातून लागला असता, अशी भावना टेलर यांनी उतारवयात आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे.

ठगांचे जबाब आणि कादंबरी

१८३२ मध्ये टेलर यांचा विवाह मेरी पामर यांच्याशी झाला. त्या हैदराबादचे पेढीवाले विल्यम पामर यांच्या कन्या होत. विल्यम पामर यांच्या आई फैज बख्श या भारतीय होत्या. ज्या मेटकाफ यांच्या व्यवस्थेमुळे टेलर यांना पोलीसपद मिळाले होते, त्याच मेटकाफ यांच्या कारवाईमुळे पामर यांची पेढी बुडाली होती.

याच सुमारास स्लीमन यांची मोहीम निजामाच्या राज्यापर्यंत येऊन पोहोचली. टेलर यांच्याकडे आता पोलिसाचे पद नव्हते. परंतु भाषा आणि मुलूख या दोहोंची माहिती असलेला अधिकारी म्हणून पकडलेल्या ठगांचे जबाब नोंदविण्याच्या कामात त्यांचे साहाय्य घेण्यात आले. जे काम १८२९ मध्ये सोडावे लागले होते, त्याच्याशी त्यांचा संबंध अशा रीतीने पुन्हा जुळला. मात्र आता ते गुन्हेगाराच्या मागावर नव्हते. पकडलेल्या गुन्हेगारासमोर बसून त्याची हकिकत टिपून घेत होते.

प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर मायदेशी गेल्यानंतर १८३९ मध्ये त्यांनी 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली. अमीर अली नावाचा ठग आपली जीवनकथा एका इंग्रज अधिकाऱ्याला सांगत आहे, अशी तिची रचना आहे. इंग्रज श्रोता जवळजवळ गप्प राहतो आणि संपूर्ण कथन एका भारतीय पात्राच्या तोंडून होते, हे त्या काळातील इंग्रजी कादंबरीत वेगळे होते. महाराणी व्हिक्टोरिया यांनी छपाई चालू असतानाच या कादंबरीचे फर्मे वाचण्यासाठी मागवून घेतले होते. १८४० मध्ये 'टिपू सुलतान' ही त्यांची दुसरी कादंबरी आली. त्याच वर्षापासून १८५३ पर्यंत ते लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्राचे भारतातील वार्ताहर होते.

सुरापूर संस्थान

भारतात परतल्यावर टेलर यांच्याकडे सुरापूर (तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांतील शोरापूर, आता कर्नाटकातील यादगीर जिल्हा) या बेडर नायकांच्या संस्थानाचा कारभार आला. राजा कृष्णप्पा नायक यांचे १८४१ मध्ये निधन झाले होते आणि वारस व्यंकटप्पा नायक हे अल्पवयीन होते. राजमाता ईश्वरम्मा आणि ब्रिटिश प्रतिनिधी यांच्यात अधिकारावरून संघर्ष होता. टेलर यांनी येथे सुमारे बारा वर्षे काम केले. संस्थानाचे कर्ज, सशस्त्र बेडरांचा बंदोबस्त, शेतसारा, तलाव व रस्ते ही त्यांच्या कामाची मुख्य क्षेत्रे होती. टेकडीवर त्यांनी बांधलेले घर आजही टेलर मंझिल या नावाने ओळखले जाते. बाल राजा त्यांना अप्पा म्हणत असे. याच काळात टेलर यांच्या पत्नीचे निधन झाले. राजा वयात आल्यावर १८५३ मध्ये कारभार त्याच्या हाती सोपवून टेलर सुरापुराहून निघाले.

नळदुर्गला पुनरागमन

मे १८५३ मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. फौजेच्या खर्चाची थकबाकी भागविण्यासाठी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडील मुलूख निजामाला कंपनीच्या कारभाराखाली द्यावा लागला. या नव्या व्यवस्थेत टेलर यांची नळदुर्ग येथे डेप्युटी कमिशनर म्हणून नेमणूक झाली.

तरुणपणी पोलीस अधिकारी म्हणून त्यांनी ज्या तुळजापूर-नळदुर्ग भागात घोड्यावरून फिरून काम केले होते, तोच हा मुलूख होता. फरक पदाचा आणि धन्याचा होता. पूर्वी ते निजामाच्या राज्यातील दुय्यम पोलीस अधिकारी होते. आता कंपनीच्या वतीने पोलीस, न्याय आणि महसूल ही तिन्ही खाती त्यांच्या हाताखाली होती. पूर्वी दरोडेखोराला पकडल्यावर त्याचे पुढे काय होणार हे निजामाच्या दरबारावर आणि स्थानिक जमीनदाराच्या वजनावर अवलंबून असे; आता पकडणे, चौकशी आणि निवाडा ही साखळी एकाच कचेरीत होती. कामाची गती त्यामुळे वाढली. तथापि तपास करणारा आणि निवाडा देणारा एकच असण्यातला धोकाही या पद्धतीत होताच, आणि तो त्या काळच्या कंपनी सरकारच्या जिल्हा कारभारात अनेक ठिकाणी होता.

परतलेल्या अधिकाऱ्याला नव्या माणसापेक्षा एक मोठा लाभ होता. या भागाची भाषा, डोंगरवाटा, यात्रेचे रस्ते आणि वतनदार घराणी त्याच्या ओळखीची होती. टेलर यांनी बंदोबस्ताइतकेच लक्ष शेतसाऱ्याकडे दिले. आकारणी अधिक न्याय्य केली असता रयतेचा भार हलका होतो आणि सरकारी उत्पन्नही घटत नाही, हे त्यांच्या कारभारात दिसून आले. रस्ते व तलाव यांची कामेही त्यांनी हाती घेतली. तुळजापुरातील वास्तव्य त्यांच्या 'तारा' या कादंबरीच्या मुळाशी आहे.

१८५७ चा उठाव

१८५७ मध्ये टेलर यांची वऱ्हाडात बुलढाणा येथे बदली झाली. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतील निजामाच्या फौजेच्या घोडदळात असंतोष उफाळून आला. जनरल वुडबर्न यांच्या सैन्याने तो मोडून काढला आणि सैनिकांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. शहरातील क्रांती चौकाचा काळा चबुतरा या घटनेची आठवण करून देतो. टेलर ज्या फौजेत भरती झाले होते आणि ज्या छावणीत त्यांची सेवा सुरू झाली होती, तेथेच हे घडले.

वऱ्हाडात टेलर यांच्याजवळ इंग्रजी सैन्य नव्हते. स्थानिक प्रतिष्ठित मंडळींशी संपर्क ठेवून आणि आपल्या हाताखालच्या लोकांवर विसंबून त्यांनी जिल्हा शांत राखला. उत्तरेकडे जाणाऱ्या इंग्रजी सैन्यासाठी जनावरे व रसद जमविण्याचे कामही त्यांनी केले.

पुन्हा सुरापूर

फेब्रुवारी १८५८ मध्ये सुरापूरचे राजा व्यंकटप्पा नायक यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो दडपला गेल्यावर राजा हैदराबादकडे गेले आणि तेथे पकडले गेले. कैदेत असलेल्या राजाची टेलर यांनी भेट घेतली. लहानपणी ज्याचे शिक्षण व राज्य आपण सांभाळले, त्या तरुणाला त्यांनी बंडाचा आरोपी म्हणून पाहिले. राजाला प्रथम देहान्ताची शिक्षा झाली होती. ती कमी होत अखेर चार वर्षांच्या कैदेवर आली. कैदेसाठी चिंगलपुटकडे नेले जात असताना राजाचा गोळी लागून मृत्यू झाला. सोबतच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने त्यांनी आत्महत्या केली, अशी सरकारी नोंद आहे. सुरापूर परिसरात व्यंकटप्पा नायक यांना स्वातंत्र्यवीर मानले जाते.

यानंतर सुरापूरचा कारभार पाहण्यासाठी सरकारने पुन्हा टेलर यांनाच पाठविले. नळदुर्गाप्रमाणे हेही एका जुन्या कार्यक्षेत्रातील पुनरागमन होते. पण पहिल्या खेपेस ते राजाचे राज्य त्याच्यासाठी राखत होते. या वेळी ते राज्यच राजाच्या घराण्याकडे उरले नव्हते. १८६० च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख व रायचूर दोआब निजामाला परत मिळाले आणि सुरापूरही निजामाच्या राज्यात सामील करण्यात आले. अशा रीतीने टेलर यांनी बसविलेली घडी दोन्ही ठिकाणी दुसऱ्या सरकारच्या हाती गेली. प्रकृती खालावल्याने ते त्याच वर्षी भारत सोडून गेले.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

निवृत्तीनंतर टेलर आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ राहिले आणि त्यांनी लेखनाला वाहून घेतले. 'तारा' (१८६३), 'राल्फ डार्नेल' (१८६५) आणि 'सीता' (१८७२) या तीन कादंबऱ्या अनुक्रमे १६५७, १७५७ आणि १८५७ या शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने येणाऱ्या काळांवर आधारलेल्या आहेत. 'तारा'ची नायिका तुळजापूरची असून शिवाजी महाराज व अफझलखान यांचा संघर्ष तिच्या पार्श्वभूमीला आहे. सुरापूर परिसरातील महापाषाणयुगीन दफनस्थळांवर त्यांनी लिहिलेले निबंध पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरले. १८६९ मध्ये त्यांना 'कंपॅनियन ऑफ द स्टार ऑफ इंडिया' हा किताब मिळाला.

१८७५ मध्ये दृष्टी अधू झालेली असतानाही ते हैदराबादला येऊन गेले. परतीच्या प्रवासात, १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मेंतों येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यांची कन्या अॅलिस यांनी संपादित करून १८७७ मध्ये प्रसिद्ध केले.

मूल्यमापन

टेलर हे वसाहतकाळातील अधिकारी होते आणि ब्रिटिश सत्ता भारतासाठी हितकर आहे, अशी त्यांची धारणा होती. ठगीविषयी पाश्चात्त्य वाचकांच्या मनात जी चमत्कारिक व भीतिदायक प्रतिमा तयार झाली, तिला त्यांच्या कादंबरीने हातभार लावला, अशी टीका पुढील अभ्यासकांनी केली आहे. माफीच्या साक्षीदाराच्या जबाबावर विसंबून केवळ टोळीचा सभासद असल्यावरून शिक्षा देणाऱ्या १८३६ च्या कायद्याकडेही आज चिकित्सक दृष्टीने पाहिले जाते.

तथापि त्यांच्या पोलीस व मुलकी कारकिर्दीतून त्या काळातील दख्खनच्या प्रशासनाचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य ध्यानात येते. तेथे अधिकाऱ्याचे पद दरबारातील बदलाबरोबर येई व जाई. एका हुकुमाने नेमणूक होई आणि दुसऱ्याने तपास थांबे. टेलर यांच्या पहिल्या नेमणुकीतून त्या खात्यात फारसे काही शिल्लक राहिले नाही. शिल्लक राहिली ती त्यांनी मिळविलेली भाषा आणि मुलखाची माहिती, आणि तिच्याच बळावर ते त्या भागात परत येऊन काम करू शकले. ठगांच्या टोळ्या सुटून जात होत्या त्या याच ठिकाणी. गावच्या शिवेपाशी माग तुटत होता आणि अधिकारी बदलला की त्याची माहितीही त्याच्याबरोबर निघून जात होती. स्लीमन यांनी जबाब, वंशावळी व नकाशे यांच्या रूपाने ही माहिती कागदावर आणली आणि एका अधिकाऱ्याच्या जाण्याने तपास थांबणार नाही अशी व्यवस्था केली. टेलर यांनी आपल्याजवळची माहिती कादंबऱ्या आणि आत्मचरित्रात उतरवली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठवाडा व लगतच्या कर्नाटकातील गावगाडा, रस्ते आणि गुन्हेगारी यांच्या अभ्यासासाठी त्यांचे लेखन आजही वाचले जाते.